गुलाबी शंख, टोकाजवळची चीर आणि "प्रोटेक्टेड आहे ना हा?"

प्रश्न थोडक्यात असा होता की क्रूझवर असताना बहामाजच्या नासाऊला उतरले, स्टॉलवरून एक मोठा गुलाबी शंख घेतला, टोकाजवळ त्याला एक चीर आहे, आता घरातलं कुणीतरी म्हणतंय की हा प्रोटेक्टेड आहे, एअरपोर्टवर पकडतील. आणि दुसरा प्रश्न, की प्रोटेक्टेड आहे तर तिथे प्रत्येक मेन्यूवर कसा काय, आणि आम्ही खाल्ला तो गुन्हा झाला का.

गुन्हा नाही झाला, आधी श्वास घ्या. बाकी सावकाश सांगते. मी सीफूड इन्स्पेक्शनमधे आहे, अठराएक वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी ह्याच एका प्राण्याचे फ्रोझन ब्लॉक आणि त्यांचे कागद बघण्यात गेलीत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिलं म्हणजे नाव. क्वीन काँक. स्पेलिंग बघून लोक काँच म्हणतात, तिथे तसं म्हटलंत की लगेच कळतं नवीन आहे. हैतीत आणि पूर्वेकडच्या बेटांवर लांबी, प्वेर्तो रिकोत कारूचो, बोनेअरकडे कार्को, एकाच गोगलगायीची ही सगळी नावं. हो, गोगलगायच आहे ती, समुद्रातली, तीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारी, आणि शाकाहारी. समुद्री गवताच्या कुरणात शेवाळ आणि सडकं गवत खात फिरते. शंख म्हटल्यावर जो पांढरा, जड, फुंकायचा शंख डोळ्यासमोर येतो तो वेगळा प्राणी, तो किडे खाणारा शिकारी, त्याचा आणि हिचा संबंध लांबचा. फ्लोरिडा, बर्म्युडा, बहामाज, सगळं कॅरिबियन आणि खाली ब्राझीलच्या बाजूपर्यंत, एवढंच तिचं घर. जगात दुसरीकडे कुठेही नाही.

जिवंत बघितली नसेल तर एकदा बघा. दोन दांड्यांवर दोन डोळे असतात, पिवळसर कडा आणि आत काळी बाहुली, आणि ते डोळे तुमच्याकडे खरंच बघतात. डोळा तुटला तर परत उगवतो. चालणं म्हणजे सरपटणं नाहीच, पायाच्या टोकाला वाकड्या नखासारखं एक झाकण असतं ते वाळूत रोवते आणि सगळा शंख उचलून पुढे फेकते, उडी मारल्यासारखं. पहिलं वर्ष बहुतेक वाळूत पुरून काढते.

आता महत्त्वाचा भाग, ओठ. शंखाचं तोंड जिथे उघडतं ती बाहेर फाकलेली गुलाबी कड. ह्या एका कडेवर सगळा कायदा अडलाय, म्हणून नीट सांगते. साधारण साडेतीन वर्षांपर्यंत शंख लांबीने वाढतो, मग लांबी थांबते ती कायमची, आणि कड बाहेर फाकायला लागते. सुरुवातीला पातळ, बोटाने मोडेल अशी. नंतर ती वर्षानुवर्षं फक्त जाड होत जाते. आणि प्राणी प्रजननाला तयार होतो तो ओठ फुटल्यावर लगेच नाही, ओठ जाड झाल्यावर. निदान पंधरा मिलिमीटर तरी जाडी हवी असं बहुतेक शास्त्रज्ञ धरतात, काही ठिकाणच्या मोजणीत तर त्याहून बरीच जास्त लागली. पुढे वीस-पंचवीस वर्षं सहज जगते. म्हातारी झाली की शंख बाहेरून झिजतो, बुटका आणि जाडजूड होतो, बहामाजमधे त्याला साम्बा म्हणतात.

आता नियम कसे लिहिलेत बघा. बहामाजमधे वर्षानुवर्षं नियम असा की ओठ नीट फाकलेला पाहिजे. म्हणजे काय? पातळ ओठ पण फाकलेलाच असतो की. कोळी प्रामाणिकपणे नियम पाळतो, कागदोपत्री सगळं बरोबर, आणि बोटीत येतात ती अशी काँक ज्यांनी आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नाहीत. बेलीझचा जुना नियम लांबीचा, सात इंच, आणि साफ केलेलं मांस ८५ ग्रॅमच्या वर. तिथे उलटीच गंमत, एखादं सात इंची पोर, ओठच फुटलेला नाही, ते कायदेशीर, आणि झिजून साडेसहा इंचांवर आलेली म्हातारी साम्बा, जी दर सीझनला अंडी घालतेय, ती बेकायदेशीर. तरी बेलीझवर फार टीका करायची नाही मला, कारण त्यांनी पाठीवर हवेची टाकी लावून मासेमारी करायला बंदी ठेवलीय आणि जुलै ते सप्टेंबर सीझन बंद असतो. श्वास रोखून जेवढं खाली जाता येतं तेवढंच पकडता येतं, म्हणजे खोल पाण्यातल्या म्हाताऱ्या आपोआप वाचतात. होंडुरास-निकाराग्वाकडे मिस्किटो जमातीचे डायव्हर टाकी लावून दिवसात कितीतरी वेळा खोल जातात, मुख्यतः लॉब्स्टरसाठी आणि काँकसाठीपण, आणि बेंड्स (खोलातून भराभर वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होतात तो आजार) होऊन कमरेखाली लुळे पडलेले तरुण तिकडच्या गावागावात दिसतात. तुमच्या प्लेटमधल्या भज्यांच्या मागे हे पण असू शकतं, मेन्यूवर लिहिलेलं नसतं.

बरं, पुढचा घोळ ह्याहून मोठा आहे. नियम शंखावर लिहिलेत पण बोट किनाऱ्याला लागते तेव्हा शंख बोटीत नसतोच. जिवंत वजन धरलं तर साफ मांस त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही भरत नाही, बाकी सगळा दगडासारखा शंख, तो कोण वाहून आणणार. म्हणून समुद्रातच फोडतात. मी बघितलंय ते सांगते. डाव्या हातात शंख, टोक वर. दुसऱ्या शंखाच्या टोकाने किंवा छोट्या हातोडीने वरून तिसऱ्या-चौथ्या वेढ्यामधे दोन ठोके, आडवी चीर पडते, बोटभर. त्या चिरेतून पातळ सुरी आत, मधल्या खांबाला धरून ठेवणारा स्नायू कापला की पकड सुटते. मग खालच्या तोंडातून ते नख धरून ओढायचं, सगळा प्राणी सळकन बाहेर येतो, मागे चिकट लाळ हातभर. सराईत माणसाला अर्धा मिनिटही लागत नाही. बहामाजमधे आतली एक पारदर्शक, जेलीसारखी काडी निघते तिला पिस्टल म्हणतात, ती पुरुष मंडळी तिथल्या तिथे कच्ची तोंडात टाकतात, का ते समजून घ्या. खरं तर ती पचनाची काडी आहे. रिकामा शंख पाण्यात. अशा शंखांचे डोंगर साचलेत किनाऱ्याकिनाऱ्याला, त्यातले काही युरोपियन येण्याच्या आधीचे.

तुमच्या शंखावरची चीर ती हीच.

म्हणजे इन्स्पेक्टरसमोर येतं काय, तर पांढऱ्या मांसाचा फ्रोझन ब्लॉक. ओठ कुठाय? समुद्राच्या तळाशी. मग वय, आकार, कायदेशीर की बेकायदेशीर, सगळं कागदावर विश्वास ठेवून. आणि त्यात मांस साफ करण्याच्या ग्रेड असतात, काहीच न काढलेलं, ५० टक्के क्लीन, ८५ टक्के, १०० टक्के, म्हणजे आतडी काढली, मग कातडी काढली, मग नुसतं पांढरं. एका टनात किती प्राणी बसतात ते ह्या ग्रेडवर ठरतं, जितकं जास्त साफ तितके जास्त प्राणी मेलेले. देशाचा कोटा टनात, पण टन कुठल्या ग्रेडचा हे लिहिलंच नाही तर त्याच कोट्यात भरपूर जास्त प्राणी बसवता येतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एक कन्साइनमेंट पास केलं, कागदावर ५० टक्के लिहिलेलं, ब्लॉक वितळवून बघायचा कंटाळा केला, नंतर दुसऱ्या कुणीतरी उघडला तर शुभ्र, कातडीचा मागमूस नाही. वरिष्ठ काही फार बोलले नाहीत पण त्यानंतर मी प्रत्येक लॉटमधला एक ब्लॉक वितळवतेच, मग समोरचा एक्स्पोर्टर कितीही घड्याळ दाखवो.

आता तुमचा मूळ प्रश्न, मेन्यूवर आहे मग प्रोटेक्टेड कसा. प्रोटेक्टेड म्हणजे बंदी असं आपण धरून चालतो, तसं नाहीये. साइटीस नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याची परिशिष्टं आहेत. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांचा धंदा जवळजवळ बंदच, वाघ वगैरे. क्वीन काँक १९९२ मधे दुसऱ्या परिशिष्टात गेली. त्याचा अर्थ, विका, खा, पण सरहद्द ओलांडताना परमिट पाहिजे, आणि परमिट देणाऱ्या देशाने आधी सांगायचं की एवढा माल गेल्याने समुद्रातल्या संख्येला धोका नाही. देशातल्या देशात, नासाऊच्या स्टॉलवर, कोळ्याने फोडली आणि तुम्ही लिंबू-मिरची घातलेली सॅलड खाल्लीत, त्याच्याशी साइटीसचा संबंधच नाही. तिथे त्या देशाचा मासेमारीचा कायदा.

आणि हा करार नुसता कागदी नाही. २००३ मधे होंडुरास, हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक ह्यांच्याकडून काँक घेऊ नका असं सगळ्या सदस्य देशांना सांगितलं गेलं, कारण ते आपली संख्या दाखवू शकले नाहीत. एकट्या अमेरिकेत जगातल्या व्यापाराचा बहुतांश माल जातो, तो दरवाजा बंद झाला की कोळ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना जाग येते. पण पळवाट लगेच निघते. मागे अमेरिका आणि कॅनडाने मिळून एक मोठा तपास केला, ऑपरेशन शेल गेम, त्यात क्वीन काँकचं मांस व्हेल्कचं लेबल लावून फिरवलं जात होतं. व्हेल्क ही दुसरीच गोगलगाय, साइटीसमधे नाही, आणि साफ केल्यावर दोन्ही पांढरीच. शेवटी डीएनए करावं लागतं.

स्थानिक बंद्या वेगळ्या. बर्म्युडाने १९७८ पासून पूर्ण संरक्षण दिलं. फ्लोरिडाने १९७५ मधे धंदेवाईक पकड बंद केली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात घरगुतीसुद्धा. गंमत बघा, फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' बेटाचे जुने रहिवासी स्वतःला काँक म्हणवतात, १९८२ मधे अमेरिकेच्या बॉर्डर पेट्रोलच्या नाकेबंदीवर चिडून त्यांनी काँक रिपब्लिक जाहीर केलं होतं, थट्टेतच, पण तिथल्या हॉटेलातली काँकची भजी मात्र बाहेरून आलेल्या मांसाची. जमैकाच्या पेड्रो बँकवर (बँक म्हणजे समुद्रातला उथळ, पठारासारखा भाग) सर्व्हेत संख्या घटलेली दिसली म्हणून २०१९ मधे त्यांनी सीझनच उघडला नाही, आणि ती जगातल्या मोठ्या एक्स्पोर्ट फिशरीपैकी एक. फेब्रुवारी २०२४ मधे अमेरिकेने आपल्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली तिला थ्रेटन्ड, म्हणजे पुढे धोक्यात येऊ शकेल अशी, म्हणून यादीत टाकलं. त्यावरून लगेच आयात बंद झाली असं बऱ्याच जणांना वाटलं, पण थ्रेटन्ड यादीत नाव आलं म्हणून बंदी आपोआप लागत नाही, त्यासाठी वेगळे नियम काढावे लागतात.

कुणी विचारेल, एका वेळी तीन-चार लाख, कधी त्याहून जास्त अंडी घालते, मग कमी कशी होते? अंड्यांचा धागा असतो, त्याला वाळू चिकटवून ती चंद्रकोरीसारखा गोळा करते, आणि सीझनला असे अनेक. पण त्याआधी नर-मादीने भेटायला हवं ना, आणि चाल तर तुम्हाला सांगितलीच. बहामाजमधल्या एक्झुमा केजच्या भागात मोजलं, २००० साली छापून आलं, हेक्टरी ५६ प्रौढांच्या खाली मीलन दिसलंच नाही आणि ४८ च्या खाली अंडी घालणं नाही. म्हणजे शेवटची काँक पकडायची गरजच नाही, संख्या त्या आकड्याखाली आणली की उरलेल्या एकमेकींना न सापडता म्हाताऱ्या होऊन मरतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या सगळ्या टनांच्या कोट्यांकडे बघायची नजरच बदलली. कोटा सगळ्या बँकेची सरासरी काढतो, काँकला सरासरीशी काय करायचंय, तिला शेजारी कोण आहे ते हवं.

फ्लोरिडाचं बघा, इतकी दशकं झाली, संख्या हळूहळूच वाढतेय. त्यात एक विचित्र गोष्ट कळली, किनाऱ्याजवळच्या काँक दिसायला प्रौढ, ओठ जाड, पण प्रजननच करत नव्हत्या. त्याच उचलून बाहेरच्या खोल पाण्यात नेऊन ठेवल्या तर काही महिन्यांत तयार झाल्या. आणि एक्झुमाच्या संरक्षित समुद्री पार्कात १९८६ पासून काहीच पकडत नाहीत तरी तिथल्याही काँक म्हाताऱ्या होत चालल्यात, नवी पोरं कमी, कारण पिल्लं अंड्यातून निघाली की तीन-चार आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात, पार्कात पोचणारी पिल्लं दुसऱ्याच कुठल्या तरी बँकेवर जन्मलेली असतात, आणि तिथे मासेमारी चालूच.

मग शेतीच का करत नाहीत, हा प्रश्न येतोच. केली. टर्क्स अँड केकोसमधे १९८४ पासून काँक फार्म होता, अंड्यापासून वाढवायचे. पिल्लाला तळावर बसायला लावायलासुद्धा ठराविक लाल शेवाळाचा वास द्यावा लागतो, आणि विकायच्या आकाराला यायला काही वर्षं, तोवर समुद्रातला माणूस एका दुपारी बोट भरून आणतो. धंदा कधी नीट बसला नाही आणि चक्रीवादळांनी बाकीचं केलं.

मांस सोडून उपयोग म्हणाल तर, खरं तर आधी शंखच महत्त्वाचा होता. बार्बाडोससारख्या बेटावर कठीण दगड मिळत नाही, तिथल्या मूळ रहिवाशांनी ह्याच शंखाच्या जाड ओठाच्या कुऱ्हाडी केल्या. तो ओठ इतका चिवट का, तर जवळजवळ सगळा खनिजच, पण प्लायवूडसारखे थर एकमेकांना आडवे, तडा सरळ जाऊच शकत नाही, वळत वळत दमतो. मटेरियलवाले लोक आजही त्यावर काम करतात. शंख भाजून चुना करत, घरं बांधायला. टोक कापून रणशिंग, हैतीतल्या गुलामांच्या बंडाची खूण म्हणजे तेच, पोर्त-ओ-प्रिन्समधे पळालेल्या गुलामाचा पुतळा आहे तो तोंडाला हाच शंख लावून फुंकतोय. इटलीत तोरे देल ग्रेकोला ह्याच्या गुलाबी थरात चेहरे कोरतात. आणि मोती. साधारण दहा हजारात एक असं धंद्यातले लोक सांगतात, शिंपल्याच्या मोत्यासारखी चमक नाही पण पृष्ठभागावर ज्योतीसारखी लहर दिसते. उन्हात ठेवला तर गुलाबी उडतो, शंखाचंही तसंच. २००९ मधे फ्लोरिडाच्या हार्बर ब्रांच संशोधन केंद्रात पहिल्यांदा मुद्दाम तयार करून दाखवला. आणि हो, मोती, कोरलेला दागिना, सगळं त्याच साइटीसखाली येतं, नुसतं मांसच नव्हे. महागडी अंगठी घेतलीत तर दुकानदाराकडून परमिट मागून घ्या, बिल पुरत नाही.

तर तुमचा शंख. साइटीसमधे पर्सनल सामानाला सूट आहे, क्वीन काँकचे माणशी तीन शंखांपर्यंत परमिट लागत नाही. पण ही सूट प्रत्येक देश देतोच असं नाही, काही देश स्वतःचा कायदा कडक ठेवतात, म्हणून निघायच्या आधी ज्या देशात उतरणार तिथल्या कस्टम्सला किंवा वाइल्डलाइफ खात्याला ईमेल टाका आणि उत्तराची प्रिंट बरोबर ठेवा. बिल आहे ना? ते शंखाच्या आतच गुंडाळून ठेवा. चीर असली तरी बहामाजमधून घेतलेल्या शंखाला त्याने फरक पडत नाही, तिथे पकड चालू आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मात्र रिकामा शंख उचलायला हरकत नसली तरी असा भोक पाडलेला सापडला तर प्राणी मारून काढलाय असंच धरतात, तेव्हा तिथे उतरणार असाल तर बॅगेत तळाशी नको, बिलासकट वरच असू दे, विचारलं की काढून दाखवता येईल. चौथा शंख बहिणीसाठी घेतला असेल तर तो बहिणीच्या बॅगेत, तुमच्या नाही. आणि आतून वास येत असेल तर आधी नीट धुवा, आत मांसाचा तुकडा राहिलेला असतो कधीकधी, आणि कस्टम्सच्या टेबलावर तो फारच वाईट दिसतो.

शाळेची पट्टी असेलच घरात. ओठाची जाडी मोजा, अगदी कडेला नाही, कडेपासून थोडं आत, मधल्या भागात, आणि इथे लिहा. पंधरा मिलिमीटरच्या वर निघाली तर त्या काँकने मरायच्या आधी बहुधा अंडी घातली होती. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला चार-पाचच वाटतेय, पण फोटो तिरका आहे.